‘जिम्नो’ सगळी काढून ठेवा

माझं काम वाळलेली झाडं कागदावर शिवण्याचं होतं. असं काही काम असतं हे ते करायला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं, आणि लागल्यावरही ते कुणाला सांगताना पंचाईत व्हायची. साताऱ्याला माहेरी गेले की मावशी विचारायची, "कॉलेजात काय करतेस गं?"

"पानं शिवते."

"पत्रावळी?"

"नाही, नुसती पानं. कागदावर."

"मग त्यावर जेवतं कोण?"

मावशीने शेवटपर्यंत गल्लीत, आमची मुलगी सांगलीला कॉलेजात पत्रावळी लावते, असंच सांगितलं.

आमच्या इथल्या मंडळाच्या बायका दिवाळीला स्वतःचा अंक काढतात. यंदा ‘माझी नोकरी’ असा विषय ठेवलाय. मलाही लिहा म्हणाल्या. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. लिहितेय, पण देईन असं वाटत नाही. माझं शिक्षण मराठी चौथी. शिवाय जे लिहायचंय त्यात एक शब्द आहे, तो लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तो लिहायचा तर वही उशीखालीच बरी.

माझे यजमान त्याच कॉलेजात रसायनशाळेत हमाल होते. विश्रामबागेच्या बाजूला तेव्हा कॉलेज आणि बाभळी, एवढंच होतं. विषमज्वराने ते तीन आठवड्यांत गेले. मी कॉलेजामागच्या आमच्या खोलीत सामान बांधत बसले होते तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या सरांच्या पत्नी भेटायला आल्या. त्यांनी बांधून ठेवलेली गोधडी उलगडून पाहिली, टाके बघितले, आणि ती घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सरांचं बोलावणं आलं. त्यांनी माझ्यापुढे एक वाळकी काडी, सुई आणि दोरा ठेवला. "ही न मोडता या कागदाला शिवून दाखवा." मी शिवली. "उद्यापासून या," सर म्हणाले. असं मी ते काम बारा वर्षं केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंगरातून झाड आणलं की ते रद्दी वर्तमानपत्रांच्या घडीत नीट पसरायचं, वरखाली लाकडी जाळ्या ठेवून पट्ट्यांनी आवळायचं. रोज कागद बदलायचे, ओले झालेले उन्हात टाकायचे. आठ-दहा दिवसांत झाड पापडासारखं होतं. मग ते जाड कागदावर मांडायचं. एक पान मुद्दाम उलटं ठेवायचं, कारण पानाची पाठही दिसायला हवी. पातळ भाग डिंकाने बसतो, पण जाड फांदी डिंकाला जुमानत नाही, तिथे सुई लागते. टाका ओढला तर देठ मोडतो, सैल ठेवला तर झाड हलतं आणि पानं झडतात. गाठ मागे घ्यायची. उजव्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी. तुमचा एक टाका आजवर सुटलेला नाही, असं सर म्हणायचे. एवढं मी लिहिते, कारण ते खरं आहे.

या सगळ्यात एक काम भीतीचं होतं. वाळक्या झाडाला कीड लागते, म्हणून रसकापूर, म्हणजे पाऱ्याचं विष, स्पिरिटमध्ये विरघळवून कुंचल्याने पानांना लावायचा. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काकू, हे पोटात गेलं तर माणूस जातो." ज्या दिवशी ते लावायचे, त्या दिवशी मी अंघोळ करेपर्यंत पाणीही प्यायचे नाही. पुढे लढाई सुरू झाली आणि स्पिरिट मिळेना. मग झाडं शिवून ठेवायची, आणि स्पिरिट आलं की विष लावायचं, असं चाललं. विष लावलेले कागद डाव्या कप्प्यात, न लावलेले उजव्या. कागदावर वेगळी खूण नव्हती. लावलेला आणि न लावलेला कागद शेजारी ठेवला तर मलाही ओळखता यायचा नाही. सगळं डाव्या-उजव्यावर चाललं होतं.

माझी बसायची जागा कपाटांच्या मागे होती. कपाटांच्या पुढे वर्ग भरायचा. दोन कपाटांमध्ये चार बोटं फट होती, तिच्यातून मला मुलं दिसायची, त्यांना मी दिसायचे नाही. ही जागा मीच मागून घेतली होती. पुरुषांपुढे बोलायची मला सवय नव्हती. सरांशीसुद्धा मी मानेनेच बोलायचे. हो असेल तर ती वर हलवायची, नाही असेल तर आडवी, एवढंच.

इंग्रजी येत नव्हतं, पण चिठ्ठीवरची नावं मीच लिहायचे. सर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देत आणि मी रांगोळी बघून काढावी तशी ती उतरवायचे. असं करता करता अक्षरं ओळखीची झाली. जी म्हणजे गळाचा आकडा, वाय म्हणजे बेचकी, एम म्हणजे दोन शिखरं, एन म्हणजे त्यातलं एक शिखर ढासळलेलं. या चार अक्षरांनी, म्हणजे ‘जिम्न’ने, सुरू होणारी नावं बरीच होती. आकडा, बेचकी, दोन शिखरं, ढासळलेलं शिखर. मला ती आवडायचीही. मग एक दिवस त्यांचा अर्थ कळला.

सर पलीकडे शिकवत होते. त्यांचा वर्ग इंग्रजीत चाले, पण एखादी गोष्ट डोक्यात बसवायची असली की ते मराठीवर येत. "ग्रीक लोकांच्या भाषेत ‘गिम्नोस’ म्हणजे नागडा," ते म्हणाले. "जिम्नॅस्टिक त्यातलंच, आपल्या जिमखान्यातला जिमसुद्धा त्यातलाच. ते लोक अंगावर काहीही न घालता कसरत करायचे."

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या तालमीत लंगोट सक्तीचा आहे. ते चुकतंय का?"

वर्ग हसला. सरही हसले. मग ते म्हणाले, "तर जिम्नोस्पर्म म्हणजे नागडं बी. आता अशी झाडं कोणती—"

मी सुई कागदात तशीच खोचली आणि मागच्या दाराने व्हरांड्यात गेले. आमच्या घरी लहान पोरालासुद्धा ‘उघडं’ म्हणायचे. तो दुसरा शब्द फक्त भांडणात यायचा, आणि तो आला की बायका दार लावून घ्यायच्या. इतक्या शिकलेल्या माणसांनी झाडाला असं नाव का ठेवावं, हे मला समजेना. तास संपेपर्यंत मी बाभळीकडे बघत उभी होते. त्यामुळे अशी झाडं कोणती हे मी ऐकलंच नाही.

त्यानंतर त्या शब्दाने माझा पिच्छाच पुरवला. सर मला प्रत्येक नावाचा अर्थ सांगायचे आणि मी तो वहीत लिहायचे. एकदा बेडकीच्या पाल्याचा कागद शिवत होते. हा एक वेल असतो, काही लोक त्याला गुडमार म्हणतात. त्याचं पान चघळलं की काही वेळ जिभेला गोड कळत नाही, साखर तोंडात टाकली तर वाळूसारखी लागते. सर म्हणाले, "याचं नाव जिम्नेमा. नेमा म्हणजे धागा."

माझं आयुष्य धाग्यात गेलेलं, म्हणून मी त्या दिवशी बोलले. "धागा कुठाय यात?"

"फुलात. केसराचा."

"आणि तो..." पुढचा शब्द मी बोलले नाही.

सरांनी भिंग लावून वाळकं फूल बराच वेळ पाहिलं. "मलाही नीट दिसत नाही, काकू. ज्याने नाव ठेवलं त्याला दिसला असेल."

मी वहीत लिहिलं : जिम्नेमा, मग एक रेघ, मग धागा. तो शब्द जिथे जिथे आला तिथे मी रेघच मारली. माझ्या वहीत जिम्नो म्हणजे एक आडवी रेघ.

आणखी एक सांगते. एकदा सर आणि त्यांच्या पत्नी झाडं गोळा करायला साताऱ्याला निघाले आणि तिकडची नावं मला ठाऊक म्हणून मलाही नेलं. यवतेश्वराच्या वाटेवर सर एका काटेरी झुडपाची फांदी कापत होते. तेवढ्यात एक पेन्शनीत निघालेले सुभेदार काठी टेकत आले.

"काय तोडताय?"

"नमुना घेतोय," सर म्हणाले.

"हेकळ हाय ती. तिचा कसला नमुना? शेळी बी इचार करून तोंड लावती."

"शास्त्रात हिला जिम्नोस्पोरिया म्हणतात."

"म्हंजी?"

सरांनी बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन अर्थ सांगितला. सुभेदारांना कमी ऐकू येत असावं, कारण ते मोठ्याने म्हणाले, "नागडी? आवं, अंगभर काटं हायेत. नाव ठिवणाऱ्यानं एकदा मिठी मारून बघाय पायजे हुतं."

सरांच्या पत्नी पदर तोंडात घालून हसल्या. मीही हसले. सुभेदार गेल्यावर सरांनी एक फळ फोडून दाखवलं. "हे बघा काकू. नावात उघडं बी आहे, पण बी आहे घरात, झाकलेलं. नाव त्यांच्यातलं असलं तरी झाड त्यांच्यातलं नाही." मी मान हलवली. मला काही समजलं नव्हतं. ‘त्यांच्यातलं’ म्हणजे कुणातलं, हे विचारायचं तर पुन्हा तो शब्द आलाच असता. मी विचारलं नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ शोधायचं तर मला त्या डोंगरावर जावं लागतं.

परीक्षा जवळ आली. प्रात्यक्षिकाला बाहेरगावचे परीक्षक येणार होते. आदल्या दिवशी दुपारी त्यांना घ्यायला सर मिरजेच्या स्टेशनावर निघाले. टांगा दारात उभा होता. सरांनी दारातूनच सांगितलं, "काकू, उद्यासाठी जिम्नो सगळी काढून टेबलावर ठेवा."

मी मान वर हलवली. टांगा गेला.

मग मी वही उघडली. जिथे तिथे रेघ. विचारायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी विचारलं नसतं. मी कपाटं उघडली आणि आकडा, बेचकी, दोन शिखरं, ढासळलेलं शिखर अशी सुरुवात असलेला प्रत्येक कागद काढला. बेडकीचा पाला निघाला, हेकळ निघाली, एक रानकाकडीचा वेल, एक नेच्याची जात. डाव्या कप्प्यातून काढले, उजव्यातूनही काढले, आणि टेबलावर एकावर एक नीट रचून ठेवले. सगळी मिळाली याचं मला समाधानही वाटलं. सायकस, मोरपंखी, चीड या झाडांच्या चिठ्ठीवर ती अक्षरं नव्हती, म्हणून ती कपाटातच राहिली. सरांना हवी होती ती तीच. उघड्या बियांची झाडं ती. त्यांच्या नावात तो शब्द नाही, आणि ज्यांच्या नावात आहे त्यांचं बी झाकलेलं, नेच्याला तर बीच नाही. आज हे लिहितानाही मी दोनदा तपासून बघितलं.

गाडी उशिरा आली, म्हणून सर आणि परीक्षक परीक्षेच्या वेळेलाच येऊन पोचले. मुलं बसली होती. परीक्षक पगडी घातलेले, हडकुळे, शांत गृहस्थ होते. सरांनी टेबलावरचा पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, आणि फटीतून मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. ते परीक्षकांच्या कानात काही बोलले आणि तरातरा बागेकडे गेले, मुलांसमोर कपाटं उपसत बसण्यापेक्षा ताज्या फांद्या कापून आणायला. तोवर बसून काय करायचं, म्हणून परीक्षकांनी एकेक कागद एकेका मुलापुढे ठेवला आणि नुसतं ओळखायला सांगितलं.

बेडकीचा पाला जयसिंगपुढे आला. हा कडेगावकडचा मुलगा, ऊसवाल्या घरातला, तालीम करणारा. तो लंगोटाचं विचारणारा हाच. परीक्षकांनी इंग्रजीत काही विचारलं. जयसिंगला इंग्रजी सुचेना.

"साहेब, ह्यो बेडकीचा पाला. आमच्या गुऱ्हाळावर पोरं एकमेकाला चघळायला देत्यात. मग गूळ माती लागतो."

"असं?" परीक्षक हसून मराठीत म्हणाले. "मग गूळ मागवावा लागेल." आणि ते पुढच्या मुलाकडे वळले.

बाजूची मुलं फिदीफिदी हसली. जयसिंगचे कान लाल झाले. त्याने दारातल्या शिपायाला हळूच म्हटलं, "धोंडीमामा, तुमच्या फडक्यात गूळ आसंल की. जरा द्या." धोंडी माझ्या यजमानांचा सोबती. त्याने भाकरीबरोबरचा गुळाचा खडा काढून दिला. जयसिंगने माझ्या कागदावरची दोन पानं तोडली आणि तोंडात टाकून चावू लागला.

मी सुई टाकून उठले. तो कागद डावीकडचा होता की उजवीकडचा? मी कप्पा डोळ्यांपुढे आणायला बघत होते. दोन्ही कप्पे डोळ्यांपुढे येत होते आणि दोन्हीत तो कागद दिसत होता.

"थुंक," मी म्हणाले. आवाज आलाच नाही. मग मी कपाटांच्या पुढे गेले. "थुंक रे ते. विष आहे. थुंक."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. माझ्या डोक्यावर पदर नव्हता, हे नंतर धोंडीने सांगितलं. जयसिंगने तोंडातला चोथा हातावर काढला, पण रस त्याने गिळला होता.

"कसलं विष?" परीक्षक.

"रसकापूर."

"या कागदाला लावलाय?"

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे? हो की नाही?"

नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं, निदान माझ्यापुरतं. पण मला खरंच आठवत नव्हतं. "लावला असेल असं धरून चाला," मी म्हणाले. परपुरुषाशी मी बोललेलं ते तोवरचं सर्वांत लांब वाक्य असेल.

परीक्षकांनी पगडी काढून टेबलावर ठेवली. "दूध आणा. आणि अंडी. अंड्याचा पांढरा भाग त्याला प्यायला द्यायचा, मग ओकायला लावायचं. पळा."

"साहेब, हितं अंडी?" धोंडी म्हणाला. "हितं कांद्याचा वास आला तरी बोलणी बसत्यात." पण तो पळाला. अंडी मिळाली जिमखान्यात. तिथला कवायत शिकवणारा हवालदार पहिलवानांसाठी गुपचूप ठेवायचा. दूध माझ्या खोलीत होतं. धोंडीने घाईत त्यात मूठभर साखर घातली, पोरगं घाबरलंय म्हणून.

जयसिंगने अंड्याचं पांढरं कसंबसं गिळलं आणि वर दुधाचा तांब्या लावला. मग त्याने तांब्या खाली घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"साखर हाय ना ह्यात?"

"व्हय, लय हाय," धोंडी म्हणाला.

"मला काय बी गोड लागंना. जीभ मेली माझी."

एक मुलगा रडायलाच लागला. दुसरा दारातून पळत सुटला, कशाला ते कुणालाच कळलं नाही. मला वाटलं, लावला होता. नक्की लावला होता. परीक्षकही क्षणभर दचकले, मग त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, तो या पाल्याचाच गुण आहे. विषाने असं होत नाही."

जयसिंगने त्यांच्याकडे बघितलं. "म्हंजी माझं उत्तर बरोबर हुतं न्हवं?"

त्यानंतर तो ओकला, आणि ओकत राहिला. सर बागेतून हातभर मोरपंखी घेऊन परतले तेव्हा दोघं जण त्याला टांग्यात घालत होते. त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते की हे विष लघवी बंद करतं. ती सुरू झाली तर मुलगा वाचेल. धोंडी रोज सायकलवर मिरजेला जाऊन यायचा आणि मी व्हरांड्यात त्याची वाट बघत उभी राहायचे. पहिल्या दिवशी तो आला आणि खाली बघून म्हणाला, "वयनी, ते... अजून झालं न्हाई."

"काय झालं नाही?"

"ते जे व्हायचं हाय ते."

"धोंडी भावजी, लघवी झाली का? सरळ सांगा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "न्हाई झाली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दुपारी सरांनी तो कागद टेबलावर ठेवून मला बोलावलं. "काकू, लावलं होतं की नव्हतं हे कळू शकतं. त्याला वेळ लागत नाही. बघायचं का?"

बघायचं का, हे ते मला विचारत होते. मी मान वर हलवली. त्यांनी उरलेल्या पानांतलं एक ओलं करून तांब्याच्या पैशावर घासलं. थोड्या वेळाने पैसा पुसला. घासलेल्या जागी तो पारा बसून चांदीसारखा पांढरा झाला होता.

"लावलं होतं," सर म्हणाले. "चूक माझी. मी नुसतं जिम्नो म्हणालो. झाडांची नावं घ्यायला हवी होती."

"मी विचारायला हवं होतं."

"का नाही विचारलंत?"

याचं उत्तर द्यायला तो शब्द लागला असता. सरांना काय वाटलं कोण जाणे. ते तो पैसा बोटांत फिरवत होते. मी मात्र एकाच गोष्टीत अडकले होते. मी विष लावलं नसतं तर मुलाला काही झालं नसतं. मी ओरडले नसते तर तो तिथल्या तिथे गेला असता. कीड लागू नये म्हणून लावलेलं ते विष होतं, आणि ते मी नीट, एकही पान न सोडता लावलं होतं. काम चोख केलं म्हणून मुलगा मरायला टेकला होता. यात मी स्वतःला काय म्हणायचं?

पाचव्या दिवशी धोंडी मिरजेहून परत येण्याआधीच एक माणूस प्रयोगशाळेत आला. मोठा फेटा, धिप्पाड. वहाणा त्याने दाराबाहेर काढल्या. मी कपाटांमागे होते.

"रामराम. मी जयसिंगाचा बा. कडेगावास्नं आलोय."

सर उभे राहिले. "या, बसा ना."

"बसाय न्हाई आलो."

सरांनी तांब्या-भांडं पुढे केलं. त्याने हाताने नको म्हटलं. आमच्याकडे भांडायला आलेला माणूस पाणी घेत नाही, आणि कुणी गेल्याचा सांगावा घेऊन आलेलाही घेत नाही. सरांनी मुलाची तब्येत विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं, त्यांच्यातही धीर नव्हता.

"पोरगं दोन बायांचं सांगतंय," तो माणूस म्हणाला. "एकीनं म्हनं पाल्याला इख लावलं. आन् दुसरी कपाटामागनं धावत आली आन् थुंक म्हून वराडली. त्यातली कंची हितं हाय, मला बघायचीया."

"हे बघा," सर म्हणाले, "त्यात बाईंची काही चूक नाही. सांगितलं मी होतं—"

"मी तुमाला न्हाई इचारलं, मास्तर. बाईचं इचारलं."

मी कपाटांच्या पुढे आले. या खेपेला डोक्यावर पदर होता आणि तो मी हाताने घट्ट धरला होता.

"यातल्या कंच्या तुमी?" त्याने विचारलं.

"दोन्ही मीच."

"दोन्ही?"

"हो."

"इख लावनारी बी तुमीच?"

"हो. तेच काम आहे माझं."

"आन् वराडनारी बी?"

"हो."

फेट्याचा शेमला त्याने खांद्यावरून मागे टाकला, पुन्हा पुढे घेतला. "आवं बाई," तो शेवटी म्हणाला, "मी घरनं निघताना एकीला काय बोलायचं आन् दुसरीला काय, ते समदं ठरवून आलो हुतो. आता म्या काय बोलावं?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं.

मग त्याने मुलांच्या बसण्यातलं एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. स्टूल त्याला फार अरुंद होतं.

"पानी द्या," तो म्हणाला.

सरांनी तांब्या उचलला, पण त्याने हाताने माझ्याकडे दाखवलं. मी भांडं भरून दिलं. त्याने ते एका दमात संपवलं आणि खाली ठेवलं.

"काल सांजच्याला लघवी झाली पोराला. आज उठून बसलंय. पेज मागाय लागलंय."

सर पाठमोरे झाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मी तशीच उभी होते, हातात तांब्या.

"तुमी बी बसा की आता," जयसिंगाचा बाप म्हणाला. "किती येळ उभ्या ऱ्हानार?"

त्या खोलीत पुरुषांसमोर मी तोवर कधी बसले नव्हते. मी एक स्टूल घेतलं आणि बसले. ते उंच होतं, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.